नवी स्पोर्ट बाइक: आधी बसू द्या, मग सजवा

नवी गाडी दारात उभी राहिली की दोन गोष्टींची घाई होते. एकदा तरी तिला रेडलाइनपर्यंत (इंजिनाच्या फेऱ्यांच्या कमाल मर्यादेपर्यंत) पिळून बघायची, आणि सायलेन्सर, लिव्हर, आरसे, टेल असं जे जे बदलायचं ठरवलंय ते लगेच बदलायचं. यादी तर गाडी यायच्या आधीपासूनच मोबाइलमध्ये तयार असते.

मागच्या गाडीच्या वेळी मी पहिल्याच आठवड्यात चार गोष्टी एकदम बदलल्या: लिव्हर, रिअरसेट (मागे सरकवलेले पाय ठेवायचे दांडे), पुढचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) आणि मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते). गाडी वळणात विचित्र वागायला लागली. चारांतल्या कशामुळे, ते काही केल्या कळेना. कळणार कसं? मुळात ती कशी चालत होती हेच मला माहीत नव्हतं. शेवटी सगळं उलटं काढून परत पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हापासून गाडीसोबत एक वही ठेवतो. किती किलोमीटरला काय केलं, आधी आकडा काय होता, नंतर काय झाला, एवढंच त्यात असतं. एका वेळी एकच बदल, आणि तोही गाडी मूळ अवस्थेत पुरेशी चालवून झाल्यावर. पुढचं सगळं याच क्रमाने लिहिलं आहे.

चावी हातात पडल्यावर

डिलिव्हरीच्या गडबडीत कोणी नीट बघत नाही, म्हणून स्वतः बघा. टायरची हवा गेजने मोजा, आणि टायर गार असताना मोजा. वाहतुकीसाठी टायरमध्ये जास्त हवा भरलेली असू शकते आणि कधीकधी ती तशीच राहून जाते. खरा आकडा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो. बऱ्याच मोठ्या स्पोर्ट बाइकना पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय सांगितलेलं असतं. लहान इंजिनांच्या गाड्यांना बहुधा त्याहून कमी. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख कोरलेली असते: २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३वा आठवडा. गाडी नवी असली तरी टायर किती दिवस पडून होता ते यावरून समजतं.

चेनचा सैलपणा, क्लच आणि थ्रॉटलचा फ्री प्ले (सुरुवातीचा मोकळा खेळ), ब्रेक ऑइलची पातळी बघा. हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून कुठली केबल ताणली जात नाही ना, तेही बघा. ओडोमीटर, तारीख, हे सगळे आकडे वहीच्या पहिल्या पानावर. पेंट प्रोटेक्शन फिल्म लावायची असेल तर ती मात्र आत्ताच लावा. पुढच्या फेअरिंगवर (गाडीच्या बाहेरच्या आवरणावर) एकदा खडे बसले की फिल्म लावून उपयोग नाही. डाग फक्त काचेखाली जातो.

पहिले हजार किलोमीटर

रन-इन (नवं इंजिन बसेपर्यंतचा काळ) म्हणजे गाडी हळू चालवणं, हा समज फार पक्का आहे. तो अर्धवट आहे.

सिलिंडरची आतली भिंत काचेसारखी गुळगुळीत नसते. होनिंग करताना, म्हणजे ती घासून तयार करताना, तिच्यावर मुद्दाम तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा ओढलेल्या असतात. त्या रेघांत ऑइल टिकून राहतं, आणि त्यांच्या टोकदार कडा पिस्टन रिंगला घासून रिंग भिंतीशी तंतोतंत जुळवतात. रिंग स्वतःच्या ताणाने भिंतीला टेकते, पण ती खरी दाबली जाते ज्वलनाच्या वायूने. हा वायू रिंगच्या मागच्या खाचेत शिरून तिला बाहेर ढकलतो. म्हणजे रिंग बसायला थोडा भार लागतो. शेकडो किलोमीटर एकाच हलक्या थ्रॉटलवर गाडी चालवली तर हा दाबच मिळत नाही. भिंतीवर ऑइलचा चकचकीत थर बसतो, रिंग नीट जुळत नाही आणि पुढे इंजिन ऑइल खायला लागतं.

उलट टोकही चुकीचं. नवीन इंजिनात घर्षण जास्त, त्यामुळे जागोजागी उष्णता जास्त. पहिल्याच दिवशी बराच वेळ टॉपला धरून ठेवलं तर रिंग आणि पिस्टनवर ओरखडे येऊ शकतात. हल्लीच्या इंजिनांचं होनिंग पूर्वीपेक्षा कितीतरी अचूक असतं आणि अनेक गाड्या कारखान्यातच रोलरवर थोड्या चालवून बाहेर पडतात, पण म्हणून रन-इन संपलं असं नाही. गिअर, क्लच प्लेट, बेअरिंग, सगळ्यांनाच एकमेकांची सवय व्हायची असते.

तर मग चालवायची कशी? आधी मॅन्युअलमधली आरपीएमची (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांची) मर्यादा वहीत उतरवून घ्या. ती प्रत्येक इंजिनाला वेगळी असते आणि वॉरंटीच्या वेळी तीच बघितली जाते. मॅन्युअलमध्ये नेमका आकडा नसेल तर मी पहिल्या ५०० किलोमीटरना रेडलाइनच्या साधारण निम्म्यावर थांबतो आणि नंतरच्या ५०० मध्ये हळूहळू पाऊणपर्यंत जातो. रेडलाइन १४,००० असलेल्या चार सिलिंडरच्या गाडीचे निम्मे म्हणजे ७,०००. रोजच्या रस्त्यावर त्याहून जास्त लागतही नाही.

त्या मर्यादेच्या आत गाडीला एका जागी राहू देऊ नका. तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरला ३,००० वरून थ्रॉटल निम्म्यापर्यंत ठामपणे उघडा, आरपीएम ६,००० पर्यंत चढू द्या, मग थ्रॉटल पूर्ण बंद करून इंजिन ब्रेकिंगवर गाडी परत खाली येऊ द्या. चढताना रिंगवर दाब येतो. उतरताना सिलिंडरमध्ये निर्वात तयार होऊन थोडं ऑइल वर ओढलं जातं, आणि घासून निघालेला धातूचा बारीक चुरा त्याबरोबर धुऊन जातो. असं दहा-पंधरा वेळा करा, मग थोडा वेळ साधं चालवा, पुन्हा करा. मागे गाडी नाही ना हे बघूनच करा. थ्रॉटल सोडल्यावर ब्रेकलाइट लागत नाही.

चढउतारांचे, वळणांचे रस्ते यासाठी उत्तम. सरळ हायवेवर तासभर क्रूझ करणं हे रन-इनसाठी सगळ्यात वाईट. हायवेशिवाय पर्याय नसेल तर गिअर आणि वेग बदलत राहा. कमी आरपीएमवर वरच्या गिअरला गाडी ढकलत नेऊ नका. इंजिन धडधडतं आणि क्रँकच्या बेअरिंगवर नको तो भार येतो. हे जास्त आरपीएमइतकंच घातक, आणि 'जपून चालवणारे' नेमकं हेच करतात.

सकाळी सुरू करून पाच मिनिटं उभ्या उभ्या तापवत बसायची गरज नाही. अर्धा-एक मिनिट आयडल स्थिर होऊ द्या, निघा, आणि तापमानाचा काटा जागेवर येईपर्यंत हात हलका ठेवा. रायडिंग मोड असतील तर पहिले काही दिवस रेन किंवा रोड मोड ठेवा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. इंजिनाइतकंच आपलंही रन-इन चालू असतं.

टायर आणि ब्रेक

नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि चकचकीत असतो, आणि आपल्यालाही त्याच्या पकडीचा अंदाज नसतो. पहिले दीडशे-एकशे साठ किलोमीटर झुकाव थोडा थोडा वाढवत जा. सँडपेपरने टायर घासायचे प्रकार लोक करतात. माझ्या मते तो वेळ चालवण्यात घालवावा. आणि टायर काळा दिसावा म्हणून पॉलिश लावू नका. स्पोर्ट बाइकच्या टायरला पॉलिश लावणं म्हणजे स्वतःच्या हाताने रस्त्यावर तेल सांडणं.

ब्रेक पॅड डिस्कवर बसवायचे असतात. रिकाम्या, सरळ रस्त्यावर ताशी ६० वरून साधारण १५ पर्यंत, मध्यम पण सलग दाबाने वेग कमी करा. पूर्ण थांबू नका. पुन्हा वेग घ्या, पुन्हा तेच, आठ ते दहा वेळा. मग पाच-सात मिनिटं ब्रेक न लावता चालवून डिस्क गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून सिग्नलला उभं राहिलं तर पॅडचा थर एकाच जागी जाड बसतो आणि नंतर ब्रेक लावताना लिव्हरमध्ये हलकी थरथर जाणवत राहते. मागच्या ब्रेकचंही हेच, फक्त हलक्या पायाने.

पहिलं ऑइल

कुठल्या किलोमीटरला बदलायचं ते मॅन्युअल सांगतं. बहुतेकांचं ते १,००० च्या आसपास किंवा त्याआधी असतं. त्याला उशीर करू नका. ऑइलबरोबर फिल्टरही बदला आणि ड्रेन बोल्टचा वॉशर नवा लावा.

शक्य असेल तर हे काम होताना समोर उभे राहा. गरम इंजिनातलं ऑइल पांढऱ्या ट्रेमध्ये काढलं आणि ट्रे उन्हात थोडा तिरपा केला, की तपकिरी ऑइलमध्ये रुपेरी चमकी वाहताना दिसते. बोटावर घेतली तर हाताला काही लागत नाही, इतकी बारीक. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा पोटात गोळा आला होता, पण ती तशी असायलाच हवी. तो रिंग आणि गिअरचा चुरा आहे. बोटाला टोचेल असा तुकडा किंवा कपची निघाली तर मात्र काम तिथेच थांबवून विचारा. दुसऱ्या वेळी हीच चमकी जवळजवळ नाहीशी झालेली असते. वहीत दोन्ही वेळचं लिहून ठेवलं की फरक समजतो.

ऑइलच्या डब्यावर मॅन्युअलमधली ग्रेड आणि जासो एमए किंवा एमए२ हे शब्द बघा. हे जपानी मानक १९९८ मध्ये आलं, आणि ते आलं ते ओल्या क्लचसाठी. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारसाठीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. ती इथे घातली तर क्लच घसरायला लागतो. पातळी तपासताना गाडी सरळ उभी हवी, साइड स्टँडवर नको.

याच सुमारास चेन बघा. नवी चेन सुरुवातीला लवकर सैल होते. मागचं चाक हळूहळू फिरवून जिथे चेन सगळ्यात ताठ आहे ती जागा शोधा आणि तिथे मोजा. स्पोर्ट बाइकना साधारण २५ ते ३५ मिलिमीटर खेळ असतो, नेमका आकडा स्टिकरवर. फार ताठ चेन ही सैल चेनपेक्षा वाईट: गिअरबॉक्सचं बेअरिंग आणि सस्पेन्शन दोन्ही तिच्यावर लटकतात. साफ करायला रॉकेल आणि मऊ ब्रश चालतो. पेट्रोल आणि तारेचा ब्रश नको, चेनमधल्या ओ-रिंग (रबरी कड्या) खराब होतात. आणि इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये चाक फिरवत चेन कधीही पुसू नका. फडक्यासकट बोट स्प्रॉकेटमध्ये जायला क्षणही लागत नाही.

फुकटातले बदल आधी

विकत काही आणायच्या आधी गाडीवर जे मुळात हलतं ते आपल्या अंगाला जुळवा. सीटवर नेहमीसारखे बसा, डोळे मिटा, हात हँडलवर ठेवून बोटं लिव्हरवर सोडा. मनगट वाकलं तर लिव्हरचा कोन चुकला. कोपर ते बोटं एका रेषेत आली पाहिजेत. क्लॅम्पचा बोल्ट थोडा सैल करून लिव्हर फिरवा. ब्रेक लिव्हरजवळ अंतर बदलायची चकती असेल तर दोन बोटांचं पहिलं पेर आरामात पोहोचेल तिथे ठेवा. मग गिअर लिव्हरची उंची, आपल्या बुटांसकट. स्पोर्ट बूट जाड असतो. चपला घालून लावलेली उंची बुटात अडते.

मनगटं दुखतात अशी तक्रार करत लोक उंच हँडल घ्यायला धावतात. त्याआधी आठवडाभर टाकी गुडघ्यांनी दाबून, पोटाच्या स्नायूंवर वजन घेऊन चालवून बघा. बहुतेकांचं दुखणं तिथेच अर्धं होतं. गुडघे घसरत असतील तर टाकीच्या बाजूंना ग्रिप पॅड लावा. साधी वस्तू आहे, पण ब्रेक लावताना तिचा जितका फरक पडतो तितका मी कुठल्याही चकचकीत भागाचा पाहिलेला नाही.

सस्पेन्शन: एक संध्याकाळ आणि दोन मित्र

फोर्क आणि शॉकचे सील थोडे मोकळे होऊ द्या. ८००-१,००० किलोमीटरनंतर हे करा. प्रीलोड ज्या अंदाजाने कारखान्यात लावलेला असतो तो तुमच्या वजनाचा असेलच असं नाही.

पहिलं माप: मागचं चाक हवेत, शॉक पूर्ण मोकळा. अ‍ॅक्सलपासून सरळ वर टेलवर एक खूण करा आणि अंतर मोजा. समजा ६०० मिलिमीटर आलं. आता गाडी जमिनीवर, तुम्ही हेल्मेट-जॅकेट-बुटांसकट रायडिंगच्या पवित्र्यात, एका मित्राने पुढून गाडी धरलेली. दुसरा टेल खाली दाबून हळू सोडतो आणि मोजतो: ५६४. मग टेल वर उचलून हळू सोडतो आणि मोजतो: ५७०. दोन्हींची सरासरी ५६७. म्हणजे सॅग (वजनाने गाडी किती दबते ते) ३३ मिलिमीटर. दोनदा मोजायचं कारण आतलं घर्षण: एकदा ते गाडीला खाली अडवतं, एकदा वर. रस्त्यासाठी पुढे ३० ते ४० आणि मागे ३० ते ३५ ही सर्वसाधारण रेंज. जास्त आलं तर प्रीलोड वाढवा, कमी आलं तर कमी करा.

मग गाडीवरून उतरून, फक्त गाडीच्या वजनाने मागे किती दबते ते मोजा. ५ ते १० मिलिमीटर हवं. तुम्ही बसल्यावरचा आकडा बरोबर आला पण रिकामी गाडी अजिबात दबत नसेल, तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे आणि प्रीलोड पिळून तुम्ही ते झाकताय. त्यावर उपाय दुसरी स्प्रिंग, आणखी पिळणं नव्हे.

रिबाउंड (दबलेलं सस्पेन्शन वर येण्याचा वेग) आणि कम्प्रेशन (ते दबण्याचा वेग) आवरणारे स्क्रू असतील तर हात लावण्याआधी प्रत्येक स्क्रू घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने शेवटपर्यंत न्या, किती क्लिक झाले ते मोजा, वहीत लिहा आणि परत तिथेच आणा. ही झाली तुमची घरी परतायची वाट. पुढे एका वेळी एकाच स्क्रूचे दोन क्लिक, त्याच ओळखीच्या रस्त्यावर. टेल दाबून सोडल्यावर ती एका संथ हालचालीत वर येऊन थांबली पाहिजे. उसळून परत खाली गेली तर रिबाउंडचा आवर कमी आहे. खडबडीत रस्त्यावर गाडी हळूहळू बसत जात असेल तर जास्त आहे.

आता विकतचं

माझा क्रम असा: आधी वाचवणारं, मग अंगाला जुळणारं, शेवटी आवाज आणि दिसणं. फ्रेम स्लायडर (पडल्यावर गाडी वाचवणारे गोळे), रेडिएटर गार्ड आणि मागच्या स्टँडचे बॉबिन (स्टँड ज्यांत अडकतं त्या गोट्या) सगळ्यात आधी. काही स्लायडर इंजिन माउंटच्या बोल्टच्या जागी बसतात. तेव्हा इंजिनाला खालून आधार द्या आणि एका वेळी एकच बोल्ट काढा.

बोल्टवरून आठवलं. फेअरिंगच्या ब्रॅकेटचा एक एम६ (६ मिलिमीटरचा) बोल्ट मी 'अजून थोडा' म्हणत आवळत होतो. पाना घट्ट होत होता, होत होता, आणि एकाएकी लोण्यात फिरल्यासारखा मऊ झाला. बोल्ट बाहेर काढला तेव्हा त्याच्या आट्यांत अ‍ॅल्युमिनियमची बारीक स्प्रिंग गुंडाळून आली होती. ते भोकातले आटे होते. एम६ ला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे लहान पान्यावर दोन बोटांचा जोर. त्या दिवसानंतर पहिली खरेदी टॉर्क रेंचची (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याची) झाली. ब्रेक कॅलिपर, अ‍ॅक्सल, हँडल क्लॅम्प यांचे आकडे मॅन्युअलमधूनच घ्या.

आखूड लिव्हर छान दिसतात, पण लिव्हर आखूड झाली की तरफही आखूड होते. तेवढ्याच ब्रेकसाठी बोटांना जास्त जोर लागतो. बाहेरची ब्रेक लिव्हर बसवल्यावर दोन गोष्टी तपासा. ब्रेकलाइटचं स्विच वेळेवर सुटतं ना, आणि लिव्हर सोडल्यावर मास्टर सिलिंडरच्या (लिव्हरजवळच्या ब्रेक ऑइलच्या पंपाच्या) तोंडाशी किंचित खेळ उरतो ना. खेळ नसेल तर तापलेलं ब्रेक ऑइल परत जाऊ शकत नाही, आणि चालता चालता पुढचं चाक आपोआप जखडायला लागतं.

पुढचं स्प्रॉकेट एका दाताने कमी करणं हा पिकअपचा स्वस्त मार्ग. १५ चं १४ केलं की त्याच वेगाला आरपीएम सुमारे ७ टक्के वाढतात; मागे जवळपास तीन दात वाढवण्याइतका हा फरक आहे. त्याबरोबर चेन लहान वर्तुळात वळते, म्हणून झिजही वाढते. ज्या गाड्या वेग गिअरबॉक्सवरून वाचतात त्यांचा स्पीडोमीटर आणि ओडोमीटर जास्त दाखवायला लागतात.

सायलेन्सरबद्दल स्पष्टच लिहितो. फक्त शेवटचा कॅन (सायलेन्सरचा डबा) बदलला तर मिळतो तो आवाज आणि काही किलो वजनाची बचत, पॉवर नावाला. पूर्ण सिस्टीम बदलली तर इंधनाचं मिश्रण नव्याने जुळवावं लागतं, म्हणजे ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) रिमॅप, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला तर गाडी प्रदूषणाच्या आणि बहुधा आवाजाच्याही नियमांबाहेर जाते. पहिल्या सर्व्हिसच्या आधी यातलं काही करू नका. इंजिनात काही बिघाड निघाला तर तो कोणाचा, यावरच वाद होईल.

इलेक्ट्रिकचं काम करताना मूळ वायर कापू नका, जुळणारे कनेक्टर वापरा आणि जास्तीच्या प्रत्येक दिव्याला स्वतंत्र फ्यूज द्या. एलईडी इंडिकेटर लावल्यावर ते झपाट्याने लुकलुकायला लागले तर घाबरू नका. कमी करंटमुळे गाडीला वाटतं बल्ब गेलाय. योग्य रिले लावला की थांबतं. टेल छोटी करताना नंबर प्लेटचा कोन, तिचा दिवा आणि रिफ्लेक्टर तुमच्या भागातल्या नियमात बसतात ना ते आधी बघा.

काढलेला प्रत्येक मूळ भाग त्याच्याच बोल्टसकट वेगळ्या पिशवीत बांधा, वर चिठ्ठी लावा: कुठला, कितव्या किलोमीटरला काढला, टॉर्क किती. माझ्या खोक्यात एक पिशवी अजून आहे, तिच्यात तीन बोल्ट आणि चिठ्ठीवर फक्त 'डावीकडचे' एवढंच लिहिलंय. डावीकडचे कुठले, ते मी अजून शोधतोय.